सूचना : रॉकेटच्या नव्या मोटारी आणि उन्हाळा

सर्व सभासदांना नमस्कार,

मॉडेल रॉकेटच्या नव्या कंपोझिट मोटारींबद्दल (मोटार म्हणजे रॉकेटचं इंजिन) बरीच विचारणा होतेय, म्हणून येत्या रविवारी सकाळी ८ वाजता नेहमीच्या जागी त्यावरच बोलू. त्याआधी मोटारीवरचा कोड नीट समजून घ्या. सी६-५ म्हणजे एकूण आवेग (सरासरी रेटा गुणिले जळण्याचा वेळ) जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद, सरासरी रेटा ६ न्यूटन आणि इंधन संपल्यावर ५ सेकंदांनी पॅराशूट बाहेर. पुढच्या प्रत्येक अक्षराला आवेगाची मर्यादा दुप्पट होते, तेव्हा सीवरून थेट ईवर उडी नको.

कंपोझिट, म्हणजे अमोनियम परक्लोरेटच्या इंधनाची मोटार तेवढ्याच वजनात काळ्या दारूपेक्षा (बंदुकीच्या दारूपेक्षा) बराच जास्त जोर देते. हे आकर्षण मलाही आहे. पण घरी इंधन बनवायचा विचारही कुणी करू नये. स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मोटार मागवण्याआधी तिथे नियम विचारा.

आणि ऊन तापू लागलंय. काळ्या दारूच्या मोटारी गच्चीवरच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. तापून-गार होऊन आतल्या घट्ट दारूला बारीक चीर जाते, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि पेटवताच मोटार फुटते. अशी तापलेली मोटार असेल तर ती उडवू नका, बैठकीलाही आणू नका. वेगळी ठेवून आधी गटात कळवा.