दामाजीपंतांमधील अधिकारीही आठवावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलीच्या नोकरीनिमित्त काही काळ चीनमध्ये राहण्याचा योग आला, तेव्हा हफेई येथे जाऊन बाओ झेंग (९९९–१०६२) यांचे स्मृतिमंदिर पाहिले. चिंग राजवटीतील बडे मुत्सद्दी ली होंगझांग यांच्या पुढाकाराने १८८२ मध्ये ते नव्याने बांधले गेले. तेथे मुख्य स्थानी देवाची मूर्ती नसून सोंग राजवटीतील एका सरकारी अधिकाऱ्याची आहे, हे पाहून महसूल खात्यात उभी हयात घालवलेल्या मला भरून आले.

बाओ झेंग दुआनझोऊ येथे नेमणुकीवर असताना तेथील शाई उगाळण्याच्या दगडी सहाणा दरबारी नजराणा म्हणून जात. आधीचे अधिकारी ठरलेल्या संख्येच्या कितीतरी पट सहाणा गोळा करून बड्या लोकांना वाटत. बाओ यांनी नजराण्यापुरत्याच करवून घेतल्या आणि बदली होऊन निघताना स्वतःसाठी एकही नेली नाही. पुढे राजधानी कायफेंगचा कारभार हाती आल्यावर, फिर्यादीला मधल्या कारकुनांचे हात ओले न करता थेट त्यांच्यासमोर उभे राहता यावे, म्हणून त्यांनी कचेरीचा दरवाजा उघडा करविला. वंशातील जो कोणी पदावर असताना लाचखोरी करील त्याला घरात घेऊ नये आणि मृत्यूनंतर घराण्याच्या दफनभूमीतही जागा देऊ नये, असे त्यांनी दगडावर कोरून ठेवण्यास सांगितले होते.

मंदिराच्या आवारात एक विहीर आहे. तिच्या दगडी काठाला दोर घासून आपल्याकडच्या जुन्या आडासारख्याच खोल खाचा पडल्या आहेत. लाचखोर अधिकारी तिचे पाणी प्यायला तर त्याचे डोके दुखू लागते, अशी लोककथा तेथे सांगतात.

त्या काठावर हात ठेवला आणि मला मंगळवेढा आठवले. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे मंदिर आपल्याच जिल्ह्यात आहे. विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बेदरला जाऊन धान्याची रक्कम भरली, ही कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो आणि ती ऐकावीच. परंतु बादशहाची शिक्षा समोर दिसत असताना, देव धावून येईल की नाही हे ठाऊक नसताना, कोठाराचे कुलूप काढण्याचा हुकूम देणारा अधिकारी त्या कथेत मागे पडतो. मला तोच क्षण सर्वांत मोठा वाटतो, कारण वरून लेखी आदेश आलेला नाही एवढ्याच कारणावरून माणसे दारातून परत पाठवली गेल्याचे मी नोकरीत पाहिले आहे आणि त्यातली काही माझ्या टेबलावरूनही गेली.

मंदिराच्या विश्वस्तांनी दर्शनरांगेजवळ दामाजीपंतांच्या अधिकारपदाची आणि त्या निर्णयाची माहिती देणारा दगडी फलक लावावा, तसेच जिल्हा प्रशासनाने नव्याने रुजू होणाऱ्या तलाठी व लिपिकांना प्रशिक्षणकाळात एक दिवस मंगळवेढ्याला न्यावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, सोलापूर