बाटलीत घालायची साखर

सोलापूर, १४ मे

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र वाचून जीव हळहळला. घरी केलेली बिअर बाटल्यांत भरून तीन आठवडे वाट बघायची, आणि आधी भरलेल्या पहिल्या सहा बाटल्या उघडताच निम्मी बिअर टेबलावर, शेवटच्या डझनभर अगदी मिळमिळीत! तू दोष गुळाला देतोयस. बाटलीत फेस यावा म्हणून भरताना थोडी साखर घालतात, ती आंबून वायू होतो. गेल्या हिवाळ्यात ढेपेचा तुकडा मीच आणला होता, 'साखरेऐवजी हाच घाल' असा हट्टही माझाच, हे खरं. पण नुसता गूळ नडला असता तर सगळ्या बाटल्या सारख्याच बिघडल्या असत्या.

आपल्या वाड्यात उन्हाळ्यात कळशीभर लिंबू सरबत व्हायचं, आठवतं? घाईत ढवळायचं राहिलं की वरचा पेला आंबट आणि तळाचा नुसता पाक. तुझ्या बादलीला तोटी तळाशी आहे, म्हणून तिथे उलटं झालं. दाट पाक आधीच्या बाटल्यांत गेला, नंतरच्यांना काही उरलंच नाही.

म्हणून पाक आधी रिकाम्या बादलीत ओत. साखर तीन-चारशे मिली पाण्यात उकळून गार केलेली असावी. नळीचं टोक तळाशी, कडेला वळवून ठेव आणि बिअर सोड, म्हणजे ती गोल फिरत पाक उचलत वर येईल. शिवाय निर्जंतुक केलेल्या लांब दांड्याच्या चमच्याने सावकाश ढवळ. खळखळाट नको. हवा मिसळली की पुढे बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

आता गूळ. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी बावीस वर्षं गेली. पांढऱ्या साखरेत ९९.५ टक्क्यांहून जास्त सुक्रोज असतं, त्यामुळे तराजू सांगेल ते खरं. गुळात ओल असते आणि दर ढेपेत साखर कमीजास्त. शंभर ग्रॅम गूळ म्हणजे नेमकी साखर किती, हे तपासल्याशिवाय मीसुद्धा सांगू शकत नाही. लिटरमागे सहा ग्रॅममध्ये त्याचा स्वाद तरी कितीसा उतरणार? गूळ पोळीबरोबर खा. बाटलीसाठी साधी साखर घे.

वजनाचा हिशोब असा. लिटरभर बिअरमध्ये २.४ लिटर वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, विरघळलेला हवा. २० अंशांना आंबलेल्या बिअरमध्ये ०.८५ लिटर आधीच असतो. उरलेल्या १.५५ साठी लिटरला साधारण सहा ग्रॅम, म्हणजे २० लिटरला ११८ ते १२० ग्रॅम साखर. डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोज साखरेच्या, पुड्यात पाण्याचा अंश असतो, म्हणून तो १३७ च्या आसपास लागेल. वाटी, चमचा काही नको, ग्रॅमचा काटा घे. आणि बादलीत प्रत्यक्ष किती बिअर आली ते मोज. तळाचा गाळ सोडून १८ लिटरच आली तर साखर १८ चीच.

तपमानाचं विचारलंस. बिअर २० अंशांना आंबली आणि मग तू ती १२ अंशांच्या शेडमध्ये नेलीस, तर हिशोबात २० धर. उडून गेलेला वायू थंडीने परत येत नाही. बाटल्या भरण्याआधी बिअरची घनता सलग तीन दिवस तीच राहते ना, ते मात्र बघ. आंबणं बाकी असेल तर सगळा हिशोब वाया, आणि बाटली फुटायची भीती. बाटल्या जाड काचेच्या, बिअरच्याच हव्यात.

इथे मला हे करून बघता येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, आणि तुमच्या इंग्लंडात १९६३ पासून घरच्यापुरती परवान्याशिवाय चालते. त्यामुळे तुझी बादली तीच माझी, लेका. तिच्यात काय चाललंय याचा विचार करत मी इथे बेचाळीस अंशांत बसलोय.

सुरुवातीला भरलेल्या ज्या बाटल्या उरल्यात, त्या आधी फ्रीजमध्ये चांगल्या गार कर. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, वर टॉवेल, मगच झाकण हळूहळू सैल कर. यात आळस नको. पुढच्या खेपेला झाकणांवर भरण्याच्या क्रमाने आकडे टाक. दोन आठवडे वीस अंशांच्या आसपास ठेव. मग पहिली, मधली आणि शेवटची, तिन्ही एकाच दिवशी उघड आणि फेस किती आला ते मला लगेच कळव.

तुझाच,
अण्णा