सदतीस आणि त्र्याहत्तर

कोलंबस, ओहायो
४ जानेवारी

ती. अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र सोनूला मेलने पाठवते आहे. तो मोठ्या टायपात छापून घेईल आणि संक्रांतीला हुतात्मा एक्सप्रेसने येताना घेऊन येईल. फोनवर सांगायला गेलं की मी इकडून ओरडते, तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि आई मधेच विचारते, "जेवलीस का?" म्हणून या वेळी नीट लिहूनच काढते.

अण्णा, मी तुम्हाला पाठवलेल्या माझ्या जुन्या आयफोनचं कुलूप काल रात्री निघालं. इथल्या नेटवर्क कंपनीचा मेल आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, तिथेच दोनदा वाचला. तुम्ही महिनाभर आईला म्हणत होतात ना, "मलाच वापरायला जमंना झालंय", ते आता म्हणू नका. फोन चांगला आहे, तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही. चूक माझी होती, आणि ती कुठे झाली ते सगळं सांगते.

इथे बहुतेक लोक फोन नेटवर्कच्या कंपनीकडूनच घेतात. किंमत २४ किंवा ३६ महिन्यांच्या हप्त्यांत बिलाबरोबर जाते आणि पैसे फिटेपर्यंत फोन सहसा फक्त त्याच कंपनीच्या सिमवर चालतो. मी नवा फोन घेतला तेव्हा या जुन्याचे चार हप्ते राहिले होते. ते बिलातून आपोआप कापले जात होते, माझ्या डोक्यातून गेलं. माझं सिम त्याच कंपनीचं, त्यामुळे कुलूप आहे हे इथे कधी दिसायचंही कारण नव्हतं. ते दिसलं थेट सोलापुरात, तुमच्या हातात. आपल्याकडे दुकानातून घेतलेला फोन सहसा कुठल्याही सिमवर चालतो, तेव्हा तुम्हाला असं काही असतं हे माहीत असण्याचाही प्रश्न नव्हता.

तुम्ही तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात हिशेब आणि हजेरी सांभाळलीत, म्हणून तसंच सांगते. फोन चालू केला की तो आधी आसपासचे टॉवर ऐकतो. प्रत्येक टॉवर आपल्या कंपनीचा नंबर सारखा सांगत असतो. भारतातल्या नेटवर्कचे नंबर ४०४ नाहीतर ४०५ ने सुरू होतात, अमेरिकेतले ३१० आणि त्याच्या पुढच्या काही आकड्यांनी. सिमकार्ड म्हणजे कामगाराचा बिल्ला. त्याच्यावरही हेच आकडे सुरुवातीला असतात. फोन तो बिल्ला टॉवरमार्फत कंपनीच्या मोठ्या रजिस्टरपर्यंत पोचवतो. तिकडून एक आकडा येतो, सिम आपल्या आत दडलेल्या किल्लीने त्याचं उत्तर काढून पाठवतं, आणि ते जुळलं की हजेरी लागते. ती किल्ली सिमच्या बाहेर कधीच जात नाही. पडद्यावर वर कंपनीचं नाव दिसतं, ते ही हजेरी लागली म्हणून.

कुलूपबंद फोनात प्रकरण रजिस्टरपर्यंत जातच नाही. फोनच्या दारातच वॉचमन बसलेला असतो. बिल्ल्याचे पहिले आकडे त्याच्या मालकाचे नसले की तो तिथूनच परत लावतो. तुमचं सिम चांगलं, टॉवर चांगला, रिचार्जही झालेला, तरी काही उपयोग नाही. अशा फोनवरून ११२ तेवढा लागतो.

म्हणूनच मी दर वेळी विचारत होते, "पडद्यावर नेमकं काय लिहिलंय, अक्षर न् अक्षर वाचा." तुम्हाला वाटलं असेल, ही काय एकच धोशा लावून बसलीये. पण अण्णा, सगळं त्या ओळीतच असतं. पहिल्या दिवशी तुम्ही वाचलंत 'नो सिम'. म्हणजे फोनला सिम दिसतच नव्हतं. तुमचं सिम त्या बटणांच्या फोनातलं, मोठ्या आकाराचं. दुकानदाराने ते कटरने कापून बसवलं. या फोनला लागणारं नॅनो सिम आकाराने लहान असतंच, शिवाय जाडीलाही कमी असतं, ०.६७ मिलिमीटर. जुनं सिम ०.७६ चं. एवढ्याशा फरकानेसुद्धा ते कप्प्यात नीट बसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवल्यावर ओळ बदलली, 'सिम नॉट सपोर्टेड'. हा वॉचमन. आता कुलूप निघाल्यावर 'नो सर्व्हिस' किंवा 'सर्चिंग' दिसलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ वॉचमन गेला, फक्त हजेरी अजून लागलेली नाही. तिन्ही ओळी वाचायला सारख्याच वाईट वाटतात, पण दुखणी तीन आणि औषधंही तीन.

नवी पेठेतल्या त्या दुकानदाराबद्दल. तो सिमवर चिकटवायची पातळ चिप देतो म्हणाला, तुम्ही नाही म्हणालात, फार बरं केलंत. अशी चिप फोनला खोटा बिल्ला दाखवते. काही दिवस चालतं, मग फोनचं अपडेट आलं की बंद. त्याने दुसरं जे सुचवलं, फोनचा आयएमईआय नंबरच, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबरच, बदलून देतो, ते तर कुणी फुकट दिलं तरी करायचं नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. आणि चोरीचा फोन असेल ही शंका तुमच्या मनातून अजून गेली नसेल तर सोनूला सांगा, केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठव. सरकारी यंत्रणेतून फोनची माहिती येते. तुम्हाला शंका आली याचा मला राग नाही. कुणालाही आली असती.

आता सदतीसची गोष्ट.

राहिलेले चार हप्ते मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदम भरले आणि कुलूप काढायचा अर्ज केला. त्यासाठी फोनचा आयएमईआय लागतो, पंधरा आकडी. तुम्ही स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून तो मला वाचून दाखवलात, आठवतं? तुमच्या सवयीने जोड्या करून वाचलात, रजिस्टरात वाचायचात तसं. सहावी जोडी तुम्ही वाचलीत 'सदतीस'. मी ऐकलं 'सद', बोटांनी आधी सात दाबला आणि मग तीन. सदतीसचे त्र्याहत्तर झाले. दिवसभर इंग्रजीत आकडे ऐकून माझा कान तसाच झालाय. तिकडे दशक आधी येतं, आपल्याकडे एकक आधी.

कंपनीने उत्तर दिलं, हा फोन आमच्या नोंदीत नाही. तीन वेळा दिलं. मी तीन वेगवेगळ्या माणसांशी भांडले, एकदा पन्नास मिनिटं फोन धरून बसले. मला वाटत होतं, हे टाळताहेत. तुम्हाला मी काहीच सांगितलं नाही, कारण आईच्या आवाजावरून कळत होतं की तुम्ही आता तो फोन कपाटात ठेवून दिलाय.

मग नाताळच्या सुट्टीत मी कुठेतरी वाचलं की आयएमईआयचा पंधरावा आकडा म्हणजे ताळा असतो. अण्णा, तुम्ही मला चौथीत गुणाकाराला नवाचा ताळा शिकवला होता, कारखान्यातून आल्यावर, ओसरीवर बसून. हा तसाच आहे, थोडा वेगळा. सात जोड्या करायच्या, पंधरावा आकडा एकटा उरतो. प्रत्येक जोडीतला दुसरा आकडा दुप्पट करायचा. दुप्पट दोन आकडी आली तर त्या दोघांची बेरीज घ्यायची, म्हणजे सातची दुप्पट चौदा, एक आणि चार पाच. पहिले आकडे तसेच ठेवायचे. सगळ्यांची बेरीज करून त्यात शेवटचा एकटा आकडा मिळवला की बेरजेच्या शेवटी शून्य आलं पाहिजे. मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. बेरीज आली पासष्ट. पुन्हा केली, पासष्टच. मग एकेक जोडी तुमच्या आवाजात मनाशी म्हणत गेले. सहाव्या जोडीला थांबले. ३७ लिहून बेरीज केली, साठ.

त्या पानासमोर मी बराच वेळ बसून होते. दुसऱ्या दिवशी बरोबर नंबर कळवला आणि काल कुलूप निघालं.

हप्ते फिटले की कुलूप आपोआप निघालं पाहिजे, त्यासाठी माणसाने दारोदार हिंडायचं कशाला, असं मला मनापासून वाटतं. इथे २०१४ साली कायदा झाला, फोनचं कुलूप काढून घेण्याचा हक्क मिळाला, पण माझ्या कंपनीत विचारावं अजून आपणच लागतं. शेजारी कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून फोन बिनकुलपाचेच विकावे लागतात, इंग्लंडमध्येही डिसेंबर २०२१ पासून तसंच. परदेशातून पोरांनी प्रेमाने पाठवलेले किती फोन आपल्या गावात कपाटात पडले असतील, आणि आईवडील स्वतःलाच दोष देत असतील.

आता करायचं काय ते. सोनू आल्या आल्या, अकरा तारखेलाच, कापलेलं सिम सोडून द्या आणि तुमच्या सिमकंपनीच्या स्वतःच्या दुकानातून त्याच नंबरचं नवं फोर-जी सिम घ्या. आधार कार्ड न्या आणि स्वतः जा, अंगठा लागेल. तुमचं सिम जुन्या काळातलं आहे. ते या फोनात बोलण्यापुरतं चालेलही, पण वर 'ई' असं अक्षर, म्हणजे जुनं मंद इंटरनेट, दिसत राहील आणि माझा चेहरा काही दिसणार नाही. नवं सिम सुरू झालं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. सुरक्षेसाठी मुद्दाम बंद ठेवतात, तेव्हा त्या दिवशी बँकेचं काही काम काढू नका, ओटीपी येणार नाही.

सिमचा कप्पा फोनच्या डाव्या कडेला आहे, आवाजाच्या बटणांच्या खाली. आई, त्याची पिन मी डब्यात चिकटपट्टीने लावून पाठवली आहे, ती हळदीकुंकवाच्या करंड्यात ठेव म्हणजे हरवणार नाही. सिम घातल्यावर फोन सोनूच्या हॉटस्पॉटला जोडायचा. हे विसरायचं नाही, कारण या फोनचं कुलूप कुठला कोड घालून उघडत नाही. इंटरनेटवरून फोन आपल्या कंपनीला विचारतो आणि मग स्वतःच उघडतो. सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट. तिथे खाली 'कॅरिअर लॉक' लिहिलेलं असेल आणि त्याच्यापुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' आलं पाहिजे. अण्णा, हे तुम्ही स्वतः वाचा, सोनूला वाचू देऊ नका. महिनाभर तुम्ही त्या पडद्यावर नको ते वाचलंय. ते नाहीच आलं, तर सोनूने फोन पूर्ण पुसून नव्याने चालू करायचा. माझं खातं मी पाठवतानाच काढलेलं आहे, त्याचा अडथळा येणार नाही.

एवढं करूनही 'नो सर्व्हिस' राहिलं तर आधी विमानाचं चित्र दाबून अर्धा मिनिट थांबा आणि परत दाबा. मग सोनूला सांगा, नेटवर्क आपोआप निवडणं बंद कर, यादी येऊ दे आणि आपल्या कंपनीच्या नावावर बोट ठेव. यादी यायला दोन मिनिटंही लागतात, मधे काही दाबू नका. फोर-जी आणि व्होल्टी (फोर-जीवरून बोलायची सोय) दोन्ही चालू आहेत ना, तेही बघायला सांगा. एसएमएस सुरू झाल्यावर फोन एक परदेशी मेसेज आपणहून पाठवतो, त्याचे थोडे पैसे बॅलन्समधून जातील. ते कुणी चोरले नाहीत.

आई, सुनंदामावशीलाही फोन हवाय असं तू म्हणालीस. तिला सांग, इथे मिळणाऱ्या या जातीच्या चौदा नंबरपासूनच्या फोनांना सिमचा कप्पाच नाही, त्यात ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं सिम, लागतं. तिच्यासाठी तिकडेच घेतलेला बरा, मी पैसे पाठवते.

सिद्धेश्वराच्या यात्रेत तेरा तारखेला अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, तोवर एसएमएसही सुरू झालेले असतील. चौदाला अक्षता. तुमचा दुपारचा दीड म्हणजे इथे रात्रीचे तीन, मी गजर लावते आहे. पण संमती कट्ट्याजवळून मला व्हिडिओ कॉल लावायचा प्रयत्न करू नका. तिथे आणि होम मैदानावर इतके फोन एका टॉवरवर येतात की दांड्या पूर्ण दिसतात, हजेरी लागलेली असते, तरी पुढे काही सरकत नाही. फोनात काही बिघडलं असं तुम्हाला पुन्हा वाटेल, आणि तेवढं मला नकोय. बाराबंदी घालून निघाल की तिथे नुसतं शूटिंग करा. सातही नंदीध्वज यायला हवेत असं नाही, गर्दीत हात वर धरून उभे राहू नका. अक्षता पडताना 'हर्र बोला हर्र' तेवढं ऐकू येऊ दे. मग घरी या, पाणी प्या, आणि ओसरीवर बसून मला कॉल लावा. मी जागीच असेन.

आई, या वेळी जेवले आहे. शेंगाचटणी अजून अर्धी बरणी आहे.

तुमची,
माई

ता. क. नवं सिम घालायच्या आधी आयएमईआय एकदा चिठ्ठीवर लिहून करंड्यात ठेवा. आणि अण्णा, ताळा तुम्ही स्वतः करून बघा. साठ यायला पाहिजे.