आवाज वळताना येतो, हे चौथ्यांदा लिहून देतोय

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय : डाव्या पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटचा आवाज, वर्कशॉपच्या तीन खेपा आणि मला न विचारता झालेलं माझं समाधान

आज सकाळी तुमच्या टोल फ्री नंबरवरच्या मुलीने मला सांगितलं, की माझी तक्रार 'ग्राहकाच्या समाधानानंतर' बंद झाली आहे. समाधान कुणाचं झालं, असं विचारलं. म्हणाली, "सर, तुमचंच. तुम्ही ओटीपी दिला होता." तो ओटीपी मी गाडी वर्कशॉपच्या गेटबाहेर काढायला दिला होता. म्हणजे गाडी घरी न्यायची असेल तर आधी समाधानी व्हावं लागतं, अशी तुमची पद्धत आहे. त्या मुलीवर माझा राग नाही, समोर जे लिहिलेलं होतं ते तिने वाचलं. ते लिहिणाऱ्यांवर आहे, म्हणून हे पत्र वर पाठवतोय.

ड्राइव्ह शाफ्ट म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा, हे तुम्हाला समजावत बसत नाही. गाडी तुम्ही बनवता.

माझी व्हॅन तुमचीच सात सीटर, पुढची चाकं ओढणारी, हाताच्या गिअरची, दोन वर्षं जुनी. ३१,४०० किलोमीटरला त्रिमूर्ती चौकात यू-टर्न घेताना पहिल्यांदा कट्-कट्-कट् ऐकू आलं, डाव्या पुढच्या चाकातून. दुसऱ्या दिवशी तपोवनात मोकळ्या जागेवर गाडी नेली. मुलाला चाकाशेजारून चालायला लावलं आणि फुल कट मारून, म्हणजे स्टीअरिंग टोकापर्यंत वळवून, पहिल्या गिअरमध्ये गोल फिरवली. उजवीकडे कापलं की डाव्या चाकात कटकट. वेग वाढवला की कटकटही भरभर, अॅक्सिलरेटर सोडला की जवळजवळ बंद. रिव्हर्सला तेच. डावीकडे कापलं तर चिडीचूप. सरळ चालवताना काही नाही.

मी अंबडच्या एमआयडीसीत चोवीस वर्षं हातात गेज धरून काढली आहेत, त्यामुळे पुढचा हिशोब सोपा होता. बेअरिंग गेलं असतं तर सरळ रस्त्यावरही घूं-घूं आली असती. सस्पेन्शनचा लिंक रॉड असता तर खड्ड्यात वाजला असता, आणि नाशकात ती परीक्षा घ्यायला लांब जावं लागत नाही. शाफ्टचा आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट असता तर पिकअप घेताना गाडी थरथरली असती. उरला बाहेरचा, चाकाजवळचा. त्यातले सहा गोळे सरळ चालताना खाचेत जवळपास जागच्या जागी असतात, फुल कटवर पुढे-मागे पळतात. खाच खाल्ली गेली असेल तर ती तेव्हाच बोलणार. पाच मिनिटांचं काम.

पहिल्या खेपेला मी तुमच्या सर्व्हिस अॅडव्हायझरला हे सगळं तर सांगितलंच, वर डाव्या रिमच्या आतल्या बाजूला उडालेले काळ्या ग्रीसचे शिंतोडेही टॉर्च मारून दाखवले. जॉइंटचं रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत आणि धूळ बाहेर ठेवणारं आवरण, फाटल्याशिवाय तिथे ग्रीस येत नाही. तो म्हणाला, "काका, आधी वॉशिंगला घेऊ, धुतल्यावर नीट दिसेल." धुतलं. मग म्हणाला, "आता तर काहीच दिसत नाहीये." पुरावा प्रेशरच्या पाण्याने गटारात गेला, आणि मला दोन्ही बाजूंचे लिंक रॉड बदलून २,८६० रुपयांचं बिल मिळालं. जुने रॉड मी मागून घेतले. दोन्ही धडधाकट आहेत, कुणाला बघायचे असतील तर डिकीत आहेत.

आवाज अर्थातच तसाच होता.

दुसऱ्या खेपेला टेस्ट ड्राइव्ह झाली. आवाज वळताना येतो असं जॉब कार्डवर माझ्याच शब्दांत लिहिलेलं असताना तुमच्या माणसाने गाडी सर्व्हिस रोडने नाकासमोर नेली, आणि परत येताना उड्डाणपुलाखालून अशी ऐसपैस वळवली की तेवढ्या जागेत उसाची बैलगाडीही वळली असती. मी मागे बसून म्हणतोय, अरे फुल काप, फुल काप. तो म्हणाला, "ट्रॅफिक आहे ना काका." जॉब कार्डवर शेरा आला : 'आवाज आढळला नाही.' वर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून दिलं, जे मी मागितलंच नव्हतं.

तिसऱ्या खेपेचं मात्र सविस्तर सांगतो, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

मी थेट वर्कशॉप मॅनेजरना गाठलं आणि म्हटलं, साहेब, बसा शेजारी, तुमच्याच आवारात एक चक्कर मारतो. बसले. मी उजवीकडे फुल कट मारला. कट्-कट्-कट्-कट्. पाण्याच्या टाकीपाशी उभा असलेला वॉचमनसुद्धा वळून बघायला लागला. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "सर, हे या मॉडेलचं कॅरेक्टरिस्टिक आहे." मी विचारलं, म्हणजे सगळ्या गाड्यांना येतो? "थोडाफार येतो." समोर त्याच मॉडेलच्या पाच नव्या गाड्या ओळीत उभ्या होत्या. म्हटलं, मग त्यातली एक फिरवून दाखवा. तिलाही वाजलं तर मी इथेच कान धरतो आणि घरी जातो. ते म्हणाले, "त्या डिलिव्हरीच्या आहेत." मी एकीकडे बोट दाखवलं, ही? "तिची पूजा व्हायचीय, पार्टी येतेय." ही? "तिचं पासिंग झालेलं नाही." अहो, मी तिला पुण्याला नेत नव्हतो, आवारात एक गोल मारायचा होता! त्यावर ते जे बोलले ते शब्दशः देतो : "काका, तुम्ही फुल कट मारूच नका ना. थोडं आधीपासून वळवलं की आवाज येत नाही."

बघा हं. एका मिनिटापूर्वी मी 'सर' होतो, आता 'काका' झालो. आणि तुमची गाडी जितकी वळते तितकी वळवायची नाही, हा त्यावरचा उपाय. भद्रकालीच्या गल्लीत समोरून टेम्पो आला की मी काय करायचं? थोडं आधीपासून, म्हणजे शालिमारपासूनच वळवत यायचं? हे खरंच मॉडेलचं वैशिष्ट्य असेल तर ब्रोशरमध्ये सनरूफच्या शेजारी छापा : 'उजवीकडे वळताना टाळ्यांचा आवाज.' लोक जास्त पैसे देतील.

संयमाने लिहायचं ठरवलं होतं. असो.

तिथून मी मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजात गेलो. त्या मुलाने चाक वर उचललं, दोन्ही हातांनी शाफ्ट धरून इकडे-तिकडे पिरगाळला आणि बूटच्या घड्या बोटाने उघडल्या. क्लिपपाशी टिचभर चीर होती. आतलं उरलंसुरलं ग्रीस त्याने माझ्या बोटावर दिलं. चिमटीत चोळलं तर रव्यासारखं कचकचलं, उन्हात धरलं तर चकाकलं. ती चकाकी पोलादाची आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. "बाहेरचा जॉइंट गेला काका. आधी आला असता तर कदाचित नुसत्या बूटवर भागलं असतं." पाच मिनिटं लागली, पैसे त्याने घेतले नाहीत.

आधी. आधीच तर आलो होतो मी. तुमच्याकडे. शिंतोडे दाखवले होते. तुम्ही ते धुतले.

आणि आता फोनवर सांगता, की बूट रबरी असल्याने 'वेअर अँड टेअर'मध्ये जातं आणि त्यामुळे खराब झालेला जॉइंट वॉरंटीत बसत नाही. तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटरची वॉरंटी आहे ना? फाटलेलं बूट पहिल्या खेपेला बदललं असतं तर जॉइंट इतका खाल्ला गेला नसता. मधल्या सात आठवड्यांची धूळ मी घातली नाही, तुमच्या 'आवाज आढळला नाही' या शेऱ्याने घातली.

या सात आठवड्यांत आईला घेऊन मी सप्तशृंगी गडावर जाऊन आलो. नांदुरीपासूनच्या घाटात प्रत्येक उजव्या वळणावर कटकट, आणि मागून आई विचारतेय, "काय रे वाजतंय?" मी म्हटलं, काही नाही. जॉइंट सुटला तर दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला फिरवून टाकतं. गाडी पुढे जात नाही आणि गिअरमध्ये टाकली तरी उतारावर थांबत नाही, हँडब्रेकच काय तो आधार. हे तुमच्या मॅनेजरना ठाऊक नसेल तर वाईट. ठाऊक असूनही 'फुल कट मारू नका' म्हणाले असतील, तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. आमच्या घरात १९९८ पासून तुमच्याच गाड्या आहेत. वडील दुसऱ्या कंपनीच्या शोरूमची पायरी चढले नाहीत. ते आज असते तर हे पत्र त्यांनी मला लिहूही दिलं नसतं, इतका त्यांचा तुमच्यावर विश्वास होता.

डावा ड्राइव्ह शाफ्ट किंवा बाहेरचा जॉइंट नव्या बूटसह वॉरंटीत बदलून द्या. लिंक रॉडचे २,८६० रुपये परत करा. जॉब कार्डवरचा शेरा दुरुस्त करा आणि माझी तक्रार पुन्हा उघडा. नकार द्यायचा असेल तर सहीशिक्क्यानिशी लेखी द्या, फोनवर नको. पंधरा दिवस थांबतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर मला पाठ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते. मी रिटायर माणूस आहे. तारखेला हजर राहायला मला रजा टाकावी लागत नाही.

गाडी सोमवारपासून दारात उभी आहे. मी ती चालवत आणणार नाही, टोइंग पाठवा. आणि गाडी धुण्याआधी मला बोलवा.

तुमचा, अजून तरी, ग्राहक
सिडको, नाशिक

ता. क. : न्यायला येणाऱ्या माणसाने ओटीपी मागू नये. मिळणार नाही.