छाट कोण मोजणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘सरकारने उद्योगांच्या मानगुटीवरून उतरावे, बाजार सगळे आपोआप सुरळीत करतो’ अशा आशयाचे एका वाचकांचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. लिहिणारे सोलापूरचेच आहेत, म्हणून राहवले नाही.

माझ्या अम्माने जन्मभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने. तयार विड्यांचे कट्टे घेऊन ती कारखान्यात जायची. तिथे खिडकीवर चेकर एकेक कट्टा बोटांनी दाबून बघायचा आणि मनाला येईल तेवढ्या विड्या बाजूला सारायचा. ही छाट. छाटीचे पैसे मिळत नसत आणि त्या विड्याही परत मिळत नसत. कारखान्याने दिलेले पान कमी पडले तर पदरच्या पैशाने विकत आणायचे. अम्मा त्या खिडकीशी कधी चकार शब्द बोलली नाही. बोलली आणि दुसऱ्या दिवशी पानच मिळाले नाही, तर आम्ही खायचे काय? पत्रलेखक ज्याला ‘दोघांच्या खुशीचा व्यवहार’ म्हणतात, तो मी असा पाहिला आहे.

1966 मध्ये विडी कामगारांचा कायदा झाला. घरी बसून वळणारी बाईही त्यात कामगार ठरली. त्याखालच्या नियमांनी छाटीला मर्यादा आली. पुढे भविष्य निर्वाह निधीही लागू झाला. विडी कारखानदार या कायद्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 1974 मध्ये न्यायालयाने तो टिकवला. तिथवर जाण्याइतका पैसा आणि वकील त्यांच्याकडे होते. आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या, धड मराठीही न बोलता येणाऱ्या बायकांच्या बाजूने उभे राहायला कोण होते? संघटना होती, लाल झेंडा होता, पण निकालात उपयोगी पडला तो कायदाच. पुढे 1976 च्या कायद्याने आलेल्या विड्यांवरच्या उपकरातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. माझी वह्या-पुस्तके त्याच पैशातली. जीएसटी आला तसा 2017 मध्ये हा उपकर गेला.

आपल्या जुन्या गिरणीचे, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या कापड गिरणीचे उदाहरण तर देशभरातले कायद्याचे विद्यार्थी वाचतात. 1949 मध्ये व्यवस्थापनाच्या गैरकारभाराने ती बंद पडली, हजारो घरांतली चूल विझली. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हातात घेतला. त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच वर्षी डिसेंबरात तीन विरुद्ध दोन मतांनी त्याचा अर्ज फेटाळला गेला. 1953 मध्ये मात्र दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यात सरकार हरले. भरपाई न देता ताबा घेता येणार नाही, असे ठरले. मग अशा निकालांमुळे 1955 मध्ये चौथी घटनादुरुस्ती करावी लागली.  सरकारच दुबळे असते तर कामगारांनी कुणाच्या दारात जायचे होते? गिरणी पुढे कायमची बंद पडली हे खरे आहे, आणि सरकारी कारभाराचे गुण गायला मी हे लिहीत नाही.

मजबूत सरकार म्हटले की काहींना धाक वाटतो, तो सोलापूरकराला तर वाटणारच. मे 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी आपले चार हुतात्मे फासावर गेले. ते सरकार बलाढ्य होते, पण ते आपल्याला बांधलेले नव्हते. मला हवे आहे ते न्यायालयात खेचता येणारे, निवडणुकीत घरी बसवता येणारे सरकार. मात्र मालकाच्या फाटकातून आत जायची ताकद त्याच्यात असलीच पाहिजे.

मे 2025 मध्ये अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालक, त्यांच्या घरची माणसे, कामगार, सगळे एकाच धुरात. दोष कुणाचा, हे मी ठरवणारा कोण? पण यंत्रमागाच्या वर जिथे माणसे झोपतात, तिथून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे आगीच्या आधी कुणीतरी जाऊन बघायला हवे. त्या तपासणीने मालकाचाही जीव वाचतो. तिला ‘जाच’ म्हणू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 1966 चा कायदा त्यांत विरघळला. निरीक्षकाला आता ‘सुविधा देणारा’ असेही जोडनाव मिळाले आहे. सल्ला त्याने जरूर द्यावा, पण कारखान्यात पाऊल टाकायचे सोडू नये. नव्या व्यवस्थेतही छाटीची मर्यादा स्पष्ट राहू द्या. आणि हजार विड्यांमागे किती छाट काढता येते, तो आकडा प्रत्येक विडी कारखान्याच्या खिडकीवर मराठीत आणि तेलुगूत, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात लावा.

आपला,
एक वाचक, अशोक चौक, सोलापूर