आर्टेसुनेटचा पहिला डोस गाडी निघण्याआधीच द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि मलेरियाचे दिवसही हेच. तापात मुलाला झटके आले, शुद्ध हरपली, तर घरचे आधी पुजाऱ्याकडे गेले म्हणून उशीर झाला, असे आपण म्हणतो. पण दवाखान्यात पोहोचल्यावर ‘पुढे न्या’ एवढीच चिठ्ठी हातात पडली, तर तो उशीर कोणाचा?

फाल्सिपेरम या सर्वांत घातक प्रकारच्या मलेरियात जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि रक्तप्रवाह अडतो. त्या तिथेच अडकून राहतात, म्हणून बोटाच्या रक्तात जंतू थोडे दिसले तरी आजार हलका आहे असे समजू नये.

आर्टेसुनेट या गंभीर मलेरियावरच्या इंजेक्शनचा पहिला डोस उपकेंद्रातही देता येतो. ६० मिलिग्रॅमच्या कुपीत सोबतचे १ मिली सोडियम बायकार्बोनेट घालून हलवायचे. द्रावण आधी गढूळ होते, मग स्वच्छ. गढूळच राहिले तर फेकून द्यावे. मांडीत द्यायचे असेल तर त्यात २ मिली सलाईन मिसळावे, म्हणजे १ मिलीत २० मिलिग्रॅम औषध येते. २० किलोच्या आतल्या मुलाला किलोमागे ३ मिलिग्रॅम, त्यावरच्यांना २.४. म्हणजे १२ किलोच्या मुलाला ३६ मिलिग्रॅम, १.८ मिली. तयार औषध तासाभरात वापरावे, सलाईनच्या बाटलीत कधीही टाकू नये. पुढचे डोस १२ आणि २४ तासांनी.

२००५ साली भारत, बांगलादेश, म्यानमार व इंडोनेशियातील १४६१ गंभीर रुग्णांच्या चाचणीत क्विनाइन या जुन्या औषधावर २२ टक्के, तर आर्टेसुनेटवर १५ टक्के रुग्ण दगावले. क्विनाइनने रक्तातली साखरही उतरते.

साखर तर बेशुद्ध मुलात सर्वांत आधी बघायची. १०० मिली रक्तात ती पाच वर्षांच्या आतल्या मुलात ५४, मोठ्या मुलात ४० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचे सलाईन), किलोमागे ५ मिली, शिरेतून. शीर सापडत नसेल तर चमचाभर साखर ओलसर करून जिभेखाली ठेवावी. तोंडात पाणी ओतू नये, मूल कुशीवर ठेवावे. झटका दर वेळी अंग आपटणाराच असतो असे नाही. डोळे एका बाजूला खेचलेले, तोंडातून लाळ, एकच बोट थरथरते आहे, हासुद्धा झटका असतो आणि तो सहज नजरेतून सुटतो. मेंदूला सूज आली असेल म्हणून मॅनिटॉल किंवा डेक्सामेथासोन देण्याची सवय मात्र सोडायला हवी. चाचण्यांमध्ये त्यांनी बेशुद्धी उलट लांबली.

शुद्धीवर आलेले मूल घरी गेले की कागद बंद होतो, हे आम्हांला सर्वांत खटकते. चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे, न दिसणे बहुतेकांत काही आठवडे-महिन्यांत सुधारते. काहींना मिरगी राहते. युगांडात अशा मुलांची दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा सुमारे चारांपैकी एकाच्या आकलनात उणीव आढळली. आपल्याकडे असे मूल शाळेत ‘मंद’ ठरते.

आरोग्य विभागाने पावसाआधी प्रत्येक उपकेंद्रात आर्टेसुनेटच्या कुप्या, सोबतचे द्रव आणि ग्लुकोमीटरच्या मुदतीतल्या पट्ट्या पोहोचवाव्यात. रेफर चिठ्ठीवर पहिल्या डोसची वेळ लिहिण्याचा रकाना असावा. डिस्चार्ज कार्डावर एक, सहा आणि बारा महिन्यांनंतरच्या तपासणीच्या तारखा असाव्यात आणि त्या आशाताईंकडेही कळवाव्यात.

– मलेरियाच्या रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर, गडचिरोली