विषय: ब्रेक होजचे आटे चुकीचे, विक्री थांबवून इतर ग्राहकांना तातडीने कळवणे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या संकेतस्थळावरून मी स्टीलच्या जाळीच्या ब्रेक होजचा, म्हणजे ब्रेकचे तेल चाकांकडे नेणाऱ्या लवचिक नळ्यांचा, संच मागवला. माझी गाडी १९६७ सालची एमजीबी, ब्रिटिश बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार. पुढे डिस्क, मागे ड्रम; पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या ॲक्सलला मिळून एक, असे तीनच होज तिला लागतात. माल चार दिवसांत आला, त्याबद्दल काही म्हणणे नाही. माझी तक्रार त्यातल्या एका होजची आहे. ती शेवटपर्यंत वाचा, कारण या होजमुळे माणसाचा जीव जाऊ शकतो.

जुने रबरी होज बदलणे भागच होते. ब्रेक सोडल्यावरही पुढचे उजवे चाक धरून राहायचे. रबर आतून फुगले की तेल दाबाने कॅलिपरकडे (डिस्क पकडणाऱ्या भागाकडे) जाते, पण परत यायला त्याला वाट राहत नाही. रविवारी सकाळी कर्वेनगरला घरीच गाडी स्टँडवर चढवली. ब्लीडिंगच्या, म्हणजे तेलातली हवा काढण्याच्या, वेळी पेडल दाबायला मुलगी मदतीला होती. डावा आणि मागचा होज बिनतक्रार बसले. उजव्या होजमध्ये पाइपचा नट हाताने फिरवला तर तोही आत गेला, पण डुगडुगत. पान्याने आवळला असता तर तो घट्ट बसल्यासारखा वाटला असता, कारण पाइपचे फुगवलेले तोंड तळाला टेकले की पाना अडतोच. मी तिथेच थांबलो.

मग व्हर्नियर लावला. दोन होजच्या आट्यांचा आतला व्यास साधारण ८.५ मिमी भरला, तिसऱ्याचा ८.९. गाडीवरचा नट तीन सुती यूएनएफ (इंची मापाच्या बारीक आट्यांचा) आहे, इंचाला २४ आटे, बाहेरून ९.५ मिमी. तिसऱ्या होजला मात्र १० मिमीचे मेट्रिक आटे पाडलेले आहेत. पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, एकाचा १.०६ मिमी आणि दुसऱ्याचा १ मिमी, म्हणून घाईत पिच गेज लावणाऱ्यालाही फरक कळणार नाही. नट फिरतो, आत जातो, आणि प्रत्येक बाजूला जेमतेम ०.३ मिमी आट्यावर लटकून राहतो. कदाचित पेडल दाबून पाहिले तर थेंबही गळणार नाही. आटे सुटतील ते पुढे कधीतरी, ब्रेक जोरात दाबल्यावर.

माझ्या गाडीचे ब्रेक एकाच सर्किटचे आहेत. एक होज निसटला की चारही चाकांचा ब्रेक जातो, उरतो फक्त हँडब्रेक. ही गाडी घेऊन मी ताम्हिणी घाट उतरतो, आणि शेजारी बहुधा मुलगीच असते.

हे सगळे मी आपल्या ग्राहक सेवेला फोनवर सांगितले. उत्तर मिळाले, "सर, टेफलॉन टेप गुंडाळा आणि जोर लावून आवळा, होऊन जाईल." हा सल्ला दुसऱ्या कुणाला देऊ नका. ब्रेकच्या जोडात तेल आट्यांनी अडत नाही, तोंड तळाला घट्ट टेकते तिथे अडते. टेपचा तुकडा आत गेला तर तेलाची वाट बुजते. आणि टेपने डुगडुग थांबली की चूक कळण्याची एकमेव खूणही जाते. नव्याने हे काम करणारा मुलगा तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून नट आवळेल, याची मला फार भीती वाटते.

आपल्या पानावर 'डॉट प्रमाणित' असे लिहिले आहे. ज्या अमेरिकी मानकाचा, एफएमव्हीएसएस १०६ चा, हा दाखला आहे, त्यात होजवर बनवणाऱ्याची खूण आणि तारीख असावी लागते. तिन्ही होजवर काहीच नाही. मग चुकीचे होज कोणाकोणाकडे गेले हे आपण कसे शोधणार? त्यामुळे हा संच घेतलेल्या प्रत्येकाला फोन करणे, आणि तपासणी होईपर्यंत विक्री बंद ठेवणे, ही माझी पहिली मागणी आहे.

संचाची पूर्ण रक्कम आणि डॉट ४ प्रकारच्या ब्रेक तेलाच्या बाटलीचे पैसे परत करावेत. ती बाटली मी उघडली होती. हे तेल हवेतला ओलावा शोषते, आता ते ब्रेकमध्ये घालता येणार नाही. चुकीचा होज मात्र मी कुरिअरने परत पाठवणार नाही. तो पुन्हा एखाद्या खोक्यात जाणार नाही असे लेखी मिळाले, की आपल्या माणसाने घरी येऊन माझ्यासमोर मोजावा आणि न्यावा.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. पण इतर ग्राहकांना फोन करायला महिनाभर थांबू नका, ते आजच सुरू करा.

सोबत पावती आणि तिन्ही होजच्या मोजमापाची छायाचित्रे जोडली आहेत.

आपला,
एक ग्राहक
कर्वेनगर, पुणे